मांडीवरच्या बाळाला पट्टा कोण बांधणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तान्ह्या बाळाला घेऊन दहा-बारा तास विमानात बसायचे म्हटले की घरात पहिली चर्चा होते ती रडण्याची. बाळ रडले तर काय करायचे, शेजारचे वैतागले तर काय, आधीच झोपेचे औषध देऊन टाकावे का? ही धास्ती समजण्यासारखी आहे. पण बाळांचे आरोग्य आणि विमानातील सुरक्षा हेच आमचे रोजचे काम असल्याने आम्हाला कळकळीने सांगावेसे वाटते, की विमानात रडणारे बाळ बहुतेक वेळा सुखरूप असते. काळजी करायची ती गप्प पडलेल्या, पांघरुणात तोंड दडलेल्या, कुणाच्या तरी मांडीवर नुसत्या धरलेल्या बाळाची. म्हणून हा पत्रप्रपंच.

मांडीपासूनच सुरुवात करतो. बहुतेक विमान कंपन्या दोन वर्षांखालच्या मुलाला वेगळे आसन न घेता मांडीवर नेऊ देतात. पैसे वाचतात, आणि नियमात बसते म्हणजे सुरक्षितच असणार असे पालक धरून चालतात. गणित मात्र साधे आहे. ७ किलोचे बाळ गुरुत्वाच्या तिप्पट धक्क्यात हातांना २१ किलोचे लागते. आताच्या विमानांची आसने समोरून येणारा १६ पट धक्का सोसतील अशी तपासलेली असतात. तेवढा धक्का बसला तर तेच बाळ ११२ किलोचे. एवढा भार पहिलवानालाही हातांत धरून ठेवता येणार नाही.

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे युनायटेड एअरलाइन्सच्या २३२ क्रमांकाच्या उड्डाणाला अपघात झाला, तेव्हा चार मुलांना स्वतःचे आसन नव्हते. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यांना पालकांच्या पायाशी जमिनीवर धरून ठेवायला सांगण्यात आले. त्यांतले एक दगावले. ती सूचना ज्यांना द्यावी लागली त्या प्रमुख हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी पुढे अनेक वर्षे प्रत्येक बाळाला स्वतःचे आसन मिळावे म्हणून पाठपुरावा केला. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा दाराच्या जागी बसवलेला भाग हवेतच निखळला, तेव्हाही त्या विमानात तीन बाळे मांडीवर होती. ती वाचली. पण तीन दशकांनंतरही मांडीचा नियम जिथल्या तिथे आहे.

काही देशांत कर्मचारी एक छोटा जोडपट्टा देतात. तो मोठ्याच्या पट्ट्यात ओवून बाळाच्या पोटाभोवती लावायचा असतो. अमेरिकेत उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी तो चालत नाही, कारण जोराच्या धक्क्यात मोठ्याचे अंग पुढे दुमडते आणि बाळ मध्ये चेपले जाते. तरीही हवेच्या खळबळीत बाळ हातातून सुटून छताकडे फेकले जाण्यापासून तो वाचवतो. म्हणून जिथे मिळतो तिथे जरूर लावावा. आपल्या स्वतःच्या पट्ट्याच्या आत मात्र बाळाला कधीही घेऊ नये. तसे केले तर आपले सगळे वजन बाळाच्या पोटावर येते.

खरा उपाय एकच: बाळासाठी वेगळे आसन आणि त्यावर विमानात चालणारी कार सीट, म्हणजे मोटारीत बाळाला बांधून बसवायची छोटी खुर्ची. सीटच्या मागे किंवा बाजूला ती विमानात वापरण्यास प्रमाणित असल्याचे लेबल असते. अमेरिकी सीटवर हा मजकूर लाल अक्षरांत असतो. लेबल सापडले नाही तर दारातच सीट सामानात टाकायला सांगतात, म्हणून घरीच त्याचा फोटो काढून ठेवावा. साध्या वर्गातले आसन साधारण ४३ ते ४६ सेंटिमीटर रुंद असते. कार सीट ४० सेंटिमीटरपर्यंत असेल तर ती अडत नाही. जागा खिडकीची घ्यावी, म्हणजे संकटात इतरांच्या वाटेत सीट येत नाही. आपत्कालीन दाराची रांग आणि तिच्या पुढची-मागची रांग चालत नाही. काही आसनांच्या पट्ट्यातच एअरबॅग शिवलेली असते. पट्टा नेहमीपेक्षा जाड आणि फुगीर दिसला तर त्या आसनावर कार सीट बांधायची नाही, जागा बदलून मागायची.

आता बांधण्याबद्दल, कारण चूक बहुधा इथेच होते. एक वर्षाच्या आतले बाळ पाठमोरे, म्हणजे तोंड विमानाच्या शेपटीकडे करूनच बसवायचे. मोटारीत ज्या कड्यांना सीट अडकवतो तशी कडी विमानात नसते. कमरेच्या पट्ट्यावरच सगळी भिस्त असते. आधी विमानातल्या आसनाचा हात टेकायचा दांडा वर करावा, पट्टा पूर्ण सैल करावा आणि पाठमोऱ्या बसवणीसाठी सीटवर जी वाट आखलेली असते तिच्यातूनच ओवावा. बकल लावण्यापूर्वी त्याची झडप उघडायला जागा राहते ना ते पाहावे. नाहीतर उतरताना बकल प्लास्टिकच्या कडेखाली अडकून बसते आणि संकटात तेवढा वेळ हाताशी नसतो. मग एका हाताने किंवा गुडघ्याने सीट खाली दाबत दुसऱ्या हाताने पट्टा ओढावा. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवल्यास सीट अडीच सेंटिमीटरहून जास्त सरकता कामा नये. बाळाचे खांद्यावरचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून आलेले हवेत, आणि चिमटीत पकडता येणार नाहीत इतके ताठ. जाड स्वेटर आत घालून वर पट्टा आवळला तर तो नुसता घट्ट भासतो. धक्क्यात लोकर दबते आणि पट्टा सैल पडतो. पांघरूण पट्ट्यांच्या वरून घालावे. समोरच्याला आपले आसन मागे झुकवता येणार नाही, हे कर्मचाऱ्यांमार्फत त्याला उड्डाणापूर्वीच सांगितलेले बरे.

वेगळे आसन परवडत नसेल तर निदान बॅसिनेट, म्हणजे समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणा, तिकीट काढतानाच मागावा. विमानात ते मोजकेच असतात आणि वजनाची मर्यादा कंपनीप्रमाणे बदलते. बाळाचे आजचे नव्हे, परतीच्या दिवशीचे वजन धरून विचारावे. विमान उड्डाण घेताना आणि उतरताना पाळणा बंद असतो. पट्ट्याचा दिवा लागला की बाळाला त्यातून उचलून घ्यावे, मग ते कितीही गाढ झोपलेले असो. तो झोपण्याची सोय आहे, सुरक्षेचे साधन नव्हे.

झोपेबद्दल आणखी थोडे, कारण याची भीती लोकांना मुळीच वाटत नाही. रात्रीचे विमान, दिवे मंद, आई थकलेली, बाळ छातीवर पालथे, वरून विमानातले पांघरूण. आईचा डोळा लागतो, हात ढिला पडतो आणि बाळाचे नाक तिच्या कुशीत किंवा आसनाच्या फटीत दबते. तीन-चार महिन्यांच्या बाळाला तिथून मान फिरवून बाहेर येता येत नाही, आणि गुदमरणाऱ्या बाळाचा आवाजही होत नाही. दोन मोठी माणसे असतील तर घड्याळ लावून पाळी करावी. बाळ ज्याच्या अंगावर त्याने झोपायचे नाही आणि मद्यही घ्यायचे नाही. एकट्यानेच प्रवास असेल तर पाळणा किंवा कार सीट हवीच. झोळीत किंवा कॅरिअरमध्ये बाळ असेल तर त्याचा चेहरा आपल्याला वाकून न पाहता दिसला पाहिजे, आणि हनुवटी व छाती यांच्यामध्ये दोन बोटे मावली पाहिजेत. मान पुढे पडली की कोवळी श्वासनलिका दुमडते. कार सीटमध्येही हीच नजर ठेवावी.

झोपेच्या औषधाचा विचार तर मनातून काढूनच टाकावा. सर्दी-खाजेवरची काही औषधे गुंगी आणतात म्हणून ती ‘प्रवासासाठी’ दिली जातात. यांपैकी प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचेच नाही, कारण त्याने श्वास मंदावून थांबू शकतो. शिवाय काही बाळे अशा औषधांनी झोपण्याऐवजी उलट चेकाळतात.

हे सगळे उंचीवर जास्त महत्त्वाचे ठरते. विमान ३५,००० फुटांवर असले तरी आतला दाब ६,००० ते ८,००० फुटांच्या डोंगरावर असतो तसा राखलेला असतो. ८,००० फुटांच्या हिशेबाने आतल्या हवेत श्वास घेणे म्हणजे समुद्रसपाटीवर २१ ऐवजी सुमारे १५ टक्के ऑक्सिजनची हवा घेणे. निरोगी मोठ्या माणसाला ते जाणवतही नाही. ऑक्सिजन कमी पडला की मोठा माणूस भराभर श्वास घेतो; अगदी कोवळे बाळ उलट श्वास मंद करू शकते. म्हणून पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळालाही निदान पहिला आठवडा विमानात नेऊ नये. कंपन्यांचे नियम २ दिवसांपासून १४ दिवसांपर्यंत वेगवेगळे आहेत. आम्ही जास्त थांबण्याच्या बाजूचे. दिवसांआधी जन्मलेले, जन्मानंतर ऑक्सिजनवर राहिलेले, हृदयाचा जन्मजात दोष असलेले किंवा नुकताच छातीचा संसर्ग झालेले बाळ असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तिकीटच काढू नये. अशा बाळांना १५ टक्के ऑक्सिजनची हवा काही मिनिटे देऊन रक्तातला ऑक्सिजन किती उतरतो ते पाहण्याची चाचणी असते. प्रवासात ओठ निळसर दिसणे, श्वासागणिक कण्हणे, बरगड्यांखाली खड्डा पडणे, बाळ ढिले पडून दूध न घेणे, यांतले काहीही दिसले तर ताबडतोब कर्मचाऱ्यांना बोलवावे. ऑक्सिजन विमानात असतो.

दाब गेल्यास वरून मास्क पडतात. तीन आसनांवर साधारण चार मास्क असतात, काही विमानांत जादा मास्क एकाच बाजूला. त्यामुळे एका गटात मांडीवरचे एकच बाळ बसू शकते. जुळी असतील तर त्यांना घेतलेल्या दोघा मोठ्यांना रांगेच्या वेगवेगळ्या बाजूंना बसावे लागते, हे आधी माहीत असावे. मास्क प्रथम स्वतःला लावायचा. ३५,००० फुटांवर शुद्ध टिकते ती जेमतेम ३० ते ६० सेकंद, आणि आपणच बेशुद्ध पडलो तर बाळाला कोण लावणार? मास्क ओढल्यावरच ऑक्सिजन सुरू होतो. बाळाच्या नाका-तोंडावर तो हाताने धरून ठेवावा.

कानाचे दडे चढताना कमी, उतरताना जास्त त्रास देतात. आतला दाब वाढू लागतो तो जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी. पालक मात्र शेवटची घोषणा ऐकून बाटली काढतात. तोवर कान दुखू लागलेला असतो, किंवा फार लवकर पाजल्याने पोट भरलेले असते. ‘उतरायला लागलो की सांगा’ असे कर्मचाऱ्यांना सांगून ठेवावे आणि तेव्हापासून थोडे थोडे, डोके उंच ठेवून पाजावे. अंगावरचे दूध, बाटली, चोखणी, काहीही चालते, गिळणे महत्त्वाचे. बाळ रडले तरी कान मोकळेच होतात. सर्दीने नाक चोंदलेले असेल तर अर्धा तास आधी मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घालावेत. कानाचा ताजा संसर्ग असेल तर प्रवास पुढे ढकलावा.

उंचीवर बंद हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. घट्ट झाकलेल्या बाटलीचे बूच उघडताच दूध अंगावर उडते ते यामुळेच, आणि बाळाचे पोट गच्च होते तेही यामुळेच. म्हणून प्रत्येक पाजणीनंतर नीट ढेकर काढावी. हवा फार कोरडी असते. सहा महिन्यांखालच्या बाळाला पाणी देऊ नये, दूधच जरा लवकर लवकर द्यावे. सहा तासांत लंगोट ओला झाला नाही तर दूध कमी पडते आहे.

पावडरच्या दुधाचा हिशेब असा: १२ तासांचे उड्डाण, अलीकडे-पलीकडे ३-३ तास, म्हणजे १८ तास. तीन तासांनी एक धरून ६ वेळा. विलंबासाठी आणखी ३. नऊ मात्रा मोजून कोरड्या डब्यांत घ्याव्यात. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ती ७० अंशांवरच्या पाण्यात कालवायची असते. विमानाच्या टाकीतले पाणी त्यासाठी वापरू नये. उकळलेले पाणी थर्मासमधून न्यावे. कालवलेले दूध दोन तासांत संपवावे, उष्टे एका तासात टाकून द्यावे. बाळाचे दूध १०० मिलिलिटरच्या बंधनातून वगळलेले असते. तपासणीच्या वेळी ते वेगळे काढून दाखवावे.

बाटली कोमट करायला गरम पाण्याचा कप मागितला तर तो मांडीवरच्या बाळाच्या डोक्यावरून घेऊ नये. चहा-कॉफीने भाजणे ही विमानात मुलांना होणारी नेहमीची इजा आहे. बाळ मांडीवर असताना गरम पेय घ्यायचेच नाही. कडेच्या आसनावर बसू नये; ट्रॉलीचा कोपरा नेमका बाळाच्या लोंबत्या पायाच्या उंचीवर येतो आणि वरच्या कप्प्यातली बॅग डोक्यावर पडू शकते.

पॅरासिटामॉल नेत असाल तर बाटलीवरचे प्रमाण वाचा. थेंबांचे औषध १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, तर सिरप ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असे असू शकते. सिरपच्या मापाने थेंब दिले तर मात्रा चौपट होते. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश ताप असेल तर औषध देऊन विमानात बसू नये, डॉक्टरकडे जावे.

विमान कंपन्यांना विनंती एवढीच, की बाळाचे तिकीट काढताना ही माहिती त्याच पानावर द्यावी. पाळण्याची वजनमर्यादा, जोडपट्टा मिळतो की नाही, कोणती कार सीट चालते, हे आज पालकांना दारात उभे राहून कळते, तेही अनेकदा नकार म्हणून. निदान आसनाची रुंदी आणि जादा मास्क कोणत्या रांगांत आहेत, एवढे तरी पैसे भरण्याआधी दिसू द्या.

आपले,
बालआरोग्य व विमान सुरक्षा क्षेत्रांतील काही वाचक