किणी टोलचा मेसेज

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात एका काकांचं पत्र आलं होतं, की विवाहबाह्य संबंधांना शिक्षा देणारं ४९७ कलम काढलं तेव्हापासून लोकांना धाक उरला नाही, संसार मोडायला लागलेत, ते कलम परत आणा. त्यांनी तळमळीने लिहिलंय हे कळतं, पण ते वाचून मला दिवसभर काही सुचलं नाही, म्हणून लिहायला बसले. मी कराडची आहे, वय ४९, लग्नाला २५ वर्षं झाली. पेपरला पत्र लिहायची पहिलीच वेळ आहे, कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची गाडी माझ्या नावावर आहे कारण लोन माझ्या नावावर काढलं होतं, त्यामुळे फास्टॅगला मोबाईल नंबर पण माझाच. २०२१ पासून फास्टॅग कंपल्सरी झाला तेव्हापासून टोलचे सगळे मेसेज मला येतात. मिस्टर कामासाठी महिन्यातून दोनतीनदा पुण्याला जातात आणि इथून गाडी निघाली की आधी तासवडे, मग आनेवाडी, मग खेड शिवापूर असे तीन मेसेज येणार हे ठरलेलं, मी हातातलं काम करता करता बघून घेते, हां आनेवाडी आलं, म्हणजे नीट चाललेत. सासूबाई पण विचारतात, कुठपर्यंत पोचला गं? मी सांगते आणि त्या परत जप करायला लागतात. फोन करून विचारायची गरजच राहिली नव्हती.

वैशाखातला शनिवार होता, मी कुरडयांचा चीक शिजवत होते, फोन वाजला म्हणून बघितलं तर किणी. किणी म्हणजे कोल्हापूरच्या वाटेवर, पुण्याच्या बरोबर उलट दिशेला. मला खरंच वाटलं की टोलवाल्यांकडून चुकून पैसे कापले गेले, कुणाच्यातरी गाडीचे आपल्याला लागले, रात्री सांगू यांना तक्रार करा म्हणून, एवढंच डोक्यात होतं. रात्री ते आले, हातपाय धुतले, जेवायला बसले आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "नवले ब्रिजला पाऊण तास अडकलो आज, जीव गेला नुसता." नवले ब्रिज म्हणजे पुण्यातला. मी भाकरी वाढत होते. हात तसाच राहिला थोडा वेळ, मग वाढली.

दुसरी बाई आहे हे त्या क्षणी मला कळलेलं नव्हतं, पण एवढं कळलं की हा माणूस माझ्या ताटासमोर बसून नवले ब्रिज, ट्रॅफिक, पाऊण तास असं सगळं तयार करून आणतोय, आणि इतकं सहज बोलतोय म्हणजे हे आजचं नाही. त्या रात्री मी जुने मेसेज काढून बसले, मी मेसेज कधी डिलीट करत नाही. किणी, किणी, किणी. अकरा वेळा. त्यातला एक त्या आठवड्यातला होता जेव्हा आमचा मुलगा पुण्यात डेंग्यूने अॅडमिट होता आणि मी तिथे त्याच्या बेडजवळ खुर्चीत रात्री काढत होते आणि हे मला फोनवर सांगत होते की ऑडिट आहे, हलता येत नाही.

मी त्यांचा मोबाईल उघडला नाही, कुणाला मागे पाठवलं नाही. कळायचं ते आपोआप कळलं. एकदा पहाटे उठले तर हे टेरेसच्या जिन्यात उभे राहून फोनवर हळू आवाजात बोलत होते, रात्रीपासूनचं काहीतरी असावं, मला एकच वाक्य नीट ऐकू आलं, "मग काल जेवलीस का?" संपादक साहेब, पंचवीस वर्षांत या माणसाने मला खूप काही दिलं, घर दिलं, माझ्या वडिलांच्या आजारपणात पैसे दिले, मी नाही म्हणणार नाही. पण जेवलीस का हे शेवटचं कधी विचारलं ते मी आठवत बसले आणि मला आठवेना. मी तशीच खाली येऊन आईंचा चहा ठेवला.

ती कोण आहे, काय करते ते मी लिहिणार नाही, तिलाही तिचं आयुष्य असेल. मला तिचा राग येतो का, तर येतो कधीकधी, पण खरं दुखतं ते दुसरंच. आपण ज्याच्यासाठी मेसेज बघून मनातल्या मनात हात जोडत होतो तो त्या वेळी दुसऱ्या कुणाकडे तरी निघालेला होता, हे आठवलं की आता गेलेल्या प्रत्येक दिवसाकडे परत बघावं लागतं की हा तरी खरा होता का.

महिन्याभराने वटपौर्णिमा आली. कॉलनीतल्या सगळ्या जणी दरवर्षी बरोबर जातो, नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं, म्हणून हिरवी साडी नेसून गेले आणि सात फेरे घालून सूत गुंडाळलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, तुमचं बाई किती छान आहे, आवाज नाही की भांडण नाही. मी हसले.

सांगायला गेलं तर कुणी ऐकत नाही असं नाही, ऐकतात, पण सगळ्यांचे प्रश्न तेच. बहिणीला सांगितलं, ती म्हणाली, मारतात का? नाही. घरखर्चाला देतात ना? देतात. मग वयाचं असतं गं, येतील परत, तू मुलाकडे बघ. तिचं माझ्यावर प्रेम आहे म्हणूनच ती असं म्हणाली. पण म्हणजे अंगावर वळ असेल तरच दुःख धरायचं का? इथे दाखवायला काहीच नाही, डोळा सुजलेला नाही, डबा रोज भरला जातोय, औषधं वेळेवर आहेत, आणि आतून माणूस रिकामं होत चाललंय.

आता त्या काकांच्या मुद्द्याकडे येते. कोर्टात तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, तिथे मी जाऊन आले, दोनदा दारातून परत फिरले आणि तिसऱ्यांदा आत गेले. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात आहे, हे मला तिथे कळलं. तिथल्या वकील मॅडमना मी पहिलं हेच विचारलं की ते कलम असतं तर मला काही करता आलं असतं का. त्या म्हणाल्या, ताई, ते कलम तुमच्यासाठी कधी नव्हतंच.

१८६० चं ते कलम असं होतं, की पुरुषाने दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवले तर गुन्हा, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि तक्रार करायची ती त्या बाईच्या नवऱ्याने. ती बाई विधवा असेल, लग्न न झालेली असेल तर गुन्हाच नाही. आणि ज्याचे संबंध आहेत त्याच्या स्वतःच्या बायकोला, म्हणजे माझ्यासारखीला, तक्रारीचा हक्कच नाही. माझं घर मोडलं तरी नुकसान धरलं जाणार ते त्या दुसऱ्या बाईच्या नवऱ्याचं. २७ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी ते रद्द केलं आणि नवरा बायकोचा मालक नाही असं तेव्हाचे सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांनी निकालात लिहिलं. आता २०२४ पासून जो नवीन कायदा आला त्यातही ते नाही. तर काका, जो धाक गेला म्हणताय तो आमच्या हातात १५८ वर्षांत एक दिवसही नव्हता. आणि उद्या मला तसा हक्क दिला तरी मी माझ्या मुलाच्या बापाला जेलमध्ये पाठवून काय मिळवणार? मला ते नकोच आहे.

घटस्फोटाला मात्र हे कारण चालतं, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आहेच, आणि ज्या घरात मी नांदतेय तिथून मला असं उठून बाहेर काढता येत नाही, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने, घर कुणाच्याही नावावर असो. हे ऐकून मला त्या रात्री खूप दिवसांनी झोप लागली. घटस्फोट घ्यायचाय म्हणून नाही, पायाखाली काहीतरी आहे एवढं कळलं म्हणून. मॅडमनी पुरावा काय आहे विचारलं तेव्हा मी टोलचे मेसेज दाखवले, त्या म्हणाल्या यावरून गाडी किणीला गेली एवढंच सिद्ध होईल. बरोबरच आहे त्यांचं.

आणि एका रात्री पावणेबाराला मी १४४१६ ला फोन केला, टेलिमानस म्हणून मनाच्या त्रासासाठी सरकारचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पलीकडच्या मुलीने मारतात का असं विचारलं नाही. तिने विचारलं, तुम्ही आज दिवसभरात काय खाल्लं? मी फोन धरून रडत राहिले आणि ती थांबली.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या महिला पुरवणीत नवऱ्याला मुठीत कसं ठेवावं, चाळिशीनंतर आकर्षक कसं दिसावं असले लेख येतात, ते वाचून माझ्यासारखीला वाटतं की आपणच कुठेतरी कमी पडलो. त्याच्या जागी एक चौकट या नंबरची आणि त्या ऑफिसची छापा, दर महिन्याला छापली तरी चालेल, कुणीतरी कापून मसाल्याच्या डब्याखाली ठेवेल.

माझं अजून काही ठरलेलं नाही. मुलाची शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे, आईंचं ऑपरेशन आहे मोतीबिंदूचं. संध्याकाळी प्रीतिसंगमावर जाऊन बसते, कृष्णा कोयना मिळतात तिथे, जरा बरं वाटतं, मग येऊन कुकर लावते. यांना मी अजून एका शब्दाने विचारलेलं नाही. फक्त परवा बँकेत जाऊन फास्टॅगचा मोबाईल नंबर बदलून घेतला, माझा काढून त्यांचा टाकला. बदलल्याचा मेसेज त्यांना गेलाच असणार. त्यांनी विचारलं नाही का बदलला म्हणून, दोन दिवस माझ्याकडे बघायचंच टाळतात. काल शनिवारी गाडी घेऊन गेले. आईंनी विचारलं, कुठपर्यंत पोचला गं? मी म्हटलं, माहीत नाही आई.

नाव छापू नये ही विनंती, गाव छापलं तरी चालेल.

आपली,
एक वाचक, कराड