चर्चचं म्हणून बंद केलेली सिंफनी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहते, आमच्या बायकांच्या भजनी मंडळात बरीच वर्षं पेटी वाजवतेय आणि तुमच्या पेपरातलं संगीताचं पान कधी चुकवत नाही म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितेय. गेल्या महिन्यात इथल्या एका मंडळाची श्रवणाची बैठक होती, प्रत्येकाने आवडीचं एक रेकॉर्डिंग आणायचं आणि त्याबद्दल थोडं बोलायचं अशी पद्धत आहे, तर मी पोलंडचे संगीतकार हेन्रिक गोरेत्स्की यांची तिसरी सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना, घेऊन गेले आणि पाच मिनिटं पण झाली नसतील तेवढ्यात बंद करा म्हणाले, का तर हे चर्चचं आहे, आपल्याकडे कशाला. कोणी वाकडं बोललं नाही, चहा वगैरे सगळं नेहमीसारखं झालं, पण मला फार लागलं ते. अहो त्यात गाणारी बाई अजून गायला पण लागली नव्हती! तिचा आवाज यायला बारा-तेरा मिनिटं लागतात, तोपर्यंत नुसती तंतुवाद्यं आहेत, म्हणजे जे ऐकलं त्यात चर्चचा एक शब्दसुद्धा नव्हता.

हे संगीत मला कसं सापडलं ते आधी सांगते. माझे वडील हौसेने जलतरंग वाजवायचे, चिनी मातीच्या वाट्या अर्धगोलात मांडून चमच्याने पाणी घालत-काढत सूर लावायचे आणि आम्हा भावंडांना त्या वेळात खोलीत पळायची सक्त मनाई असायची. ते गेल्यावर एकदा मी यूट्यूबवर जलतरंग शोधत बसले होते तर भलतंच काहीतरी लागलं, अंधारात स्टेजवर पाण्याने भरलेली पारदर्शक भांडी, खालून उजेड, वादक हाताने पाणी उडवतायत, ओततायत, थेंब पडतायत आणि मागे कोरस गातोय. ती तान दुन या चिनी संगीतकाराची ‘वॉटर पॅशन’. १७ भांडी क्रूसाच्या आकारात मांडलेली असतात. पॅशन म्हणजे येशूला पकडलं तिथपासून क्रूसावर जीव जाईपर्यंतची कथा शुभवर्तमानातल्या शब्दांवरून गायची (येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली चार पुस्तकं म्हणजे शुभवर्तमानं, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची), जर्मन संगीतकार बाखने केलेल्या पॅशन सगळ्यात प्रसिद्ध.

बाख गेला १७५०मध्ये, त्याला अडीचशे वर्षं झाली तेव्हा जर्मनीत श्टुटगार्टच्या बाख अकादमीने चार संगीतकारांना चार शुभवर्तमानांवर नवीन पॅशन लिहायला सांगितल्या. वोल्फगांग रीमने लूक घेतला जर्मनमध्ये, सोफिया गुबाइदुलिनांनी योहान घेतला रशियनमध्ये, ओस्वाल्दो गोलिहोवने मार्क घेतला स्पॅनिशमध्ये आणि तान दुनने मत्तय, इंग्रजीत. आता ही माणसं कोण बघा. तान दुन चीनमधल्या हूनान प्रांतातला, तिथल्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्याला भातशेतीवर धाडलं होतं, चर्चमध्ये वाढलेला मुळीच नाही. गोलिहोव अर्जेंटिनातल्या ज्यू घरातला, त्याच्या पॅशनमध्ये क्यूबा-ब्राझीलचे ढोल आहेत, कोरस नाचतच गातो असं वाटतं. गुबाइदुलिना तातार, त्यांचे आजोबा मुल्ला होते, त्या स्वतः मोठेपणी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती झाल्या, २०२५च्या मार्चमध्ये गेल्या. या तिघांना कोणी म्हटलं नाही की हे तुमच्याकडचं नाही, उलट मुद्दाम बोलावून सांगितलं की तुमच्या पद्धतीने सांगा.

आणि ही पद्धत आपल्याला काय नवीन आहे? पॅशनमध्ये एक जण कथा सांगतो, पात्रांचे संवाद वेगवेगळे आवाज गातात, मध्येच कथा थांबते आणि त्या प्रसंगावर एक गाणं होतं, मग कथा पुढे. नारदीय कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. बुवा द्रौपदीच्या वस्त्रहरणापर्यंत येतात, थांबतात, पद म्हणतात, झांजा वाजतात, सगळे डोळे पुसतात आणि बुवा पुन्हा गद्यात येतात. शेवट काय होणार ते सगळ्यांना माहीत असतं तरी आपण बसतोच ना.

एस्टोनियाचे आर्वो पॅर्ट यांचं तर मी पेटीवर करून बघितलं, त्याशिवाय मला कळेना की एवढ्या थोड्या सुरांत एवढं काय आहे. हे १९३५चे. सोव्हिएत राजवटीत १९६८मध्ये त्यांनी ‘क्रेडो’ नावाची रचना केली, त्यात येशूवर विश्वास आहे असं सरळ म्हटलंय, त्यावरून सरकारची खप्पामर्जी झाली, मग बरीच वर्षं त्यांनी फार थोडं लिहिलं, जुनं चर्चसंगीत शिकत राहिले, आणि १९७६मध्ये स्वतःची नवीन रीत घेऊन आले. ती रीत अशी की एक आवाज पायरी-पायरीने चालतो, शेजारच्या सुरावरच जातो, उडी नाही, आणि दुसरा आवाज त्याच्याबरोबर फक्त तीनच सूर वाजवतो, समजा सा, कोमल ग आणि प. मी उजव्या हाताने आसावरी थाटाचे सूर सावकाश चढत-उतरत वाजवले आणि डाव्या हाताने प्रत्येक सुराला या तिनातला जवळचा सूर दिला. रे आणि कोमल ग एकत्र लागले की टोचतं, पुढच्याच सुराला मोकळं होतं, परत टोचतं, परत मोकळं. घरात तानपुरा चालू ठेवून गायची सवय आहे त्या कानाला यात काही परकं वाटत नाही, तीन सूर जागेवर बसलेत आणि एक जण त्यांच्याभोवती हिंडून येतोय. ‘पासियो’ नावाची त्यांची योहानाच्या शुभवर्तमानावरची पॅशन साधारण सत्तर मिनिटं याच रीतीने चालते, कुठे ओरड नाही, रडारड नाही. २०१०मध्ये त्यांनी ‘अ‍ॅडम्स लॅमेंट’ केलं, स्वर्गातून बाहेर पडलेल्या आदामाचा विलाप, ते पहिल्यांदा वाजलं इस्तंबूलमध्ये.

सगळंच मला जमतं असं नाही, पोलंडच्याच पेंडेरेत्स्की या संगीतकाराची १९६६ची लूकची पॅशन मला जड जाते, कोरस कुजबुजतो, फुत्कारतो, किंचाळतो, पण ज्या जमावाने ‘क्रूसावर चढवा’ म्हणून आरडाओरडा केला तो जमाव ऐकवायचा तर गोड चालीत कसा ऐकवणार, हेही पटतं.

आता गोरेत्स्की, ज्यांच्यावरून हे सगळं झालं. १९७६ची सिंफनी, नावच आहे शोकगीतांची सिंफनी, तीन भाग आणि तिन्ही संथ. पहिल्या भागात डबल बास, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरांची मोठी तंतुवाद्यं, एक सुरावट सुरू करतात, इतकी हळू की आवाज वाढवावासा वाटतो पण वाढवू नका, मग तीच सुरावट वरची वाद्यं पंचमावरून धरतात, मग त्याच्या पंचमावरून पुढची, असं करत करत सगळी तंतुवाद्यं एकाच सुरावटीत भरून जातात. मग ते थांबतं आणि ती बाई गाते, पंधराव्या शतकातलं पोलिश गीत, क्रूसापाशी उभी असलेली मरिया मुलाला म्हणतेय की तुझ्या जखमा माझ्याबरोबर वाटून घे. ती थांबली की ती तंतुवाद्यं आली तशीच एकेक पायरी उतरत परत तळाला जातात. दुसऱ्या भागातले शब्द पोलंडमधल्या झाकोपाने गावच्या गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कोठडीत भिंतीवर खरडलेले आहेत, १९४४ साली, अठरा वर्षांच्या मुलीने. आई रडू नकोस, असं तिने लिहिलं आणि स्वर्गीय राणीकडे, म्हणजे मरियेकडे, आधार मागितला, बस एवढंच. तिसरा भाग लोकगीत, उठावात मारला गेलेला मुलगा आई शोधतेय आणि तिला त्याचं थडगंसुद्धा सापडत नाही.

म्हणजे एका भागात आई मुलासाठी रडतेय, एका भागात मुलगी आईला धीर देतेय आणि एका भागात पुन्हा आई. माझी आई गेली त्या वर्षी मी हे रात्रीचं हेडफोन लावून कितीतरी वेळा ऐकलं. भजनाने बरं वाटत नव्हतं असं नाही, भजन माझं आहेच, पण भजनात मला पेटी वाजवायची असते, हे नुसतं ऐकायचं होतं. १९९२मध्ये याची एक रेकॉर्ड निघाली आणि तिच्या दहा लाखांवर प्रती खपल्या, तेवढे सगळे लोक काही रोज चर्चला जाणारे नसणार.

आपल्याकडचं नाही म्हणणाऱ्यांसाठी अजून एक सांगते. फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियाँ, पक्के कॅथलिक, त्यांनी आयुष्यभर ख्रिस्ती विषयांवर संगीत लिहिलं, येशूच्या रूपांतरावर, म्हणजे डोंगरावर शिष्यांसमोर तो तेजाने उजळून निघाला त्या प्रसंगावर, तर मोठा ऑर्केस्ट्रा आणि कोरस घेऊन १९६९मध्ये केलं. त्यांनी लयीसाठी कोणाचा आधार घेतला माहितीये? आपल्या शार्ङ्गदेवाचा! तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या दरबारी बसून शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यातले १२० देशी ताल मेसियाँनी अभ्यासले. १९४१च्या जानेवारीत जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत, कडाक्याच्या थंडीत, कैद्यांसमोर त्यांनी चार वाद्यांची एक रचना वाजवली, बायबलच्या शेवटच्या पुस्तकावरून केलेली, तिच्या पहिल्याच भागात पियानोवर रागवर्धन ताल आहे. देवगिरीचा ताल युरोपच्या छावणीत बायबलची कथा सांगायला गेला, आणि आपण दांडिया बाजारात बसून म्हणायचं की आपला काय संबंध. ओवीत ख्रिस्ताचं पुराण लिहिणारे फादर स्टीफन्स १६१६ साली गोव्यात मराठीतच लिहीत होते, रेव्हरंड टिळकांनी येशूवर अभंग केले ते मराठीतच, हे पण विसरून चालणार नाही.

आणि वडोदरा तरी असं का वागेल. १८८६मध्ये सयाजीराव महाराजांच्या राज्यात गायक मौलाबक्षांनी इथे गायनशाळा काढली, आज सूरसागर तलावासमोर उभं आहे ते म्युझिक कॉलेज त्याच परंपरेतलं. संस्थानात आपल्या कलावंतांबरोबर पाश्चात्य बँडसुद्धा होता. तेव्हाच्या लोकांना दोन्ही ऐकायला जमत होतं.

माझी विनंती दोन-तीन गोष्टींची आहे. एक तर गुड फ्रायडेच्या आसपास तुमच्या पानावर फक्त बातमी आणि फोटो न देता अशी एखादी रचना घेऊन ती कशी ऐकायची यावर अर्धा कॉलम द्या, मराठीत, जड शब्द न वापरता, म्हणजे कुठे काय येतं, किती वेळ थांबायचं, शब्दांचा अर्थ काय. शब्दांचा अर्थ फार महत्त्वाचा, पोलिश लॅटिन रशियन आपल्याला येत नाही आणि अर्थ नसला की सगळं एकसारखंच वाटतं. दुसरं, इथल्या संगीत संस्थांनी वर्षातून एकदा तरी चांगल्या स्पीकरवर हे ऐकवावं, मोबाइलच्या स्पीकरवर ते सुरुवातीचे डबल बास ऐकूच येत नाहीत, लोकांना वाटतं काही चालूच नाही. आणि जमलं तर फतेहगंजच्या चर्चमधल्या गाणाऱ्या मंडळींना आणि आमच्या भजनी मंडळाला एकदा एका जागी बसवा, त्यांनी त्यांचं म्हणावं आम्ही आमचं, मी पेटी घेऊन यायला तयार आहे.

तोपर्यंत मी घरीच सुरुवात करतेय. येत्या रविवारी दुपारी चार वाजता शेजारच्या चार-पाच जणी येणार आहेत, मुलाने चांगला स्पीकर लावून दिलाय, तिन्ही गीतांचा अर्थ मी मराठीत लिहून काढलाय आणि त्याच्या झेरॉक्स करून ठेवल्यात. बाई गायला लागेपर्यंत कोणी उठायचं नाही, एवढं मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय.

आपली,
दांडिया बाजारातली एक वाचक, वडोदरा