मंडळीच्या तोंडी गाणे

टिळकवाडी, बेळगाव

चि. बाळ यास,
प्रभूच्या नावात सप्रेम सलाम आणि अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बेंगळुरूच्या मंडळीने रविवारच्या उपासनेतील गीते निवडण्याचे आणि पुढे उभे राहून ती चालवण्याचे काम तुझ्याकडे सोपवले, हे वाचून तुझ्या बाबांना आनंद झाला आणि मला आनंदाबरोबर थोडी काळजीही वाटली. तुझा गळा चांगला आहे, हेच त्या काळजीचे कारण. गीते कशी निवडावीत, जुनी किती व नवी किती घ्यावीत, आणि लोक तोंड मिटून उभे राहतात तेव्हा काय करावे, असे तू विचारले आहेस. यातल्या शेवटच्या प्रश्नात पहिले दोन्ही सामावलेले आहेत असे मला वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपला मुलूख चांगल्या कानांचा आहे. कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले ते आपल्याच जिल्ह्यातील सुळेभावीत. धारवाड, हुबळी आणि गदग येथील गवयांची नावे तर इथल्या घराघरांत घेतली जातात. शिवाय नाट्यपदे ऐकत म्हातारे झालेले लोक शहापुरात काय आणि टिळकवाडीत काय, अजून भेटतात. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला कोणी सुरेल गाऊ लागले की गप्प बसून ऐकण्याची आणि जमल्यास मान डोलवण्याची सवय असते. मैफलीत हा मोठा गुण आहे. उपासनेत मात्र याच गुणामुळे मंडळीचे श्रोते होतात आणि पुढे उभा असलेला तुझ्यासारखा मुलगा, त्याच्या मनात नसतानाही, गवई होऊन बसतो. तुझ्यासमोर जे तोंड मिटून उभे आहेत त्यांना भक्ती नाही असे समजू नकोस. त्यांतले बरेचजण तुझे गाणे मनापासून ऐकत असतील.

पण स्तोत्रसंहिता, म्हणजे पवित्र शास्त्रातले दीडशे स्तोत्रांचे पुस्तक, उघडून पाहा. तिथे स्तुतीची हाक एकट्या गाणाऱ्याला क्वचितच आहे. बहुतेक ठिकाणी ‘गा’, ‘या’, ‘जयघोष करा’ अशी अनेकांना घातलेली हाक आहे, आणि दीडशेवे स्तोत्र तर श्वास घेणाऱ्या प्रत्येकाला बोलावून संपते. १३६ व्या स्तोत्राची रचना मला फार आवडते. त्यात सव्वीस ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीचा उत्तरार्ध एकच आहे: देवाची दया सनातन आहे. पूर्वार्धात कोणी एकजण सृष्टीची, मिसर देशातून झालेल्या सुटकेची, रानातल्या वाटचालीची हकीकत सांगत जातो आणि बाकीचे सगळे सव्वीस वेळा तेच ध्रुवपद म्हणतात. ज्याला वाचता येत नाही, ज्याला हकीकत पाठ नाही, ज्याचा सूर जरा इकडेतिकडे होतो, त्यालाही तिथे जागा आहे. सुमारे ११२ साली धाकट्या प्लिनी नावाच्या रोमी सुभेदाराने सम्राट त्राजानाला ख्रिस्ती लोकांविषयी पत्र लिहिले. त्यातही हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात, असा उल्लेख आहे. पत्र लिहिणारा ख्रिस्ती लोकांची चौकशी करून त्यांना शिक्षा देणारा अधिकारी होता, तरी त्याने टिपलेल्या मोजक्या गोष्टींत गाण्याचा समावेश आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

यावरून शिकलेल्या गाणाऱ्यांचे काम नाही असे मात्र म्हणू नकोस. पवित्र शास्त्रातील ‘१ इतिहास’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आसाफ, हेमान व यदूथून यांच्या घराण्यांतील तालीम घेतलेल्या गाणाऱ्यांची संख्या दोनशे अठ्ठ्याऐंशी दिली आहे आणि त्यांच्या पाळ्या लावून दिल्या आहेत; म्हणजे रियाजाला शास्त्रातच मान आहे. बिघाड होतो तो शिकलेल्यांनी बाकीच्यांचे गाणे काढून घेतले म्हणजे. चौथ्या शतकात लावदिकीया येथील परिषदेने असा नियम केला की नेमलेल्या गायकांखेरीज इतरांनी मंडळीत गाऊ नये. त्यांची कारणे त्यांच्यापाशी असतील, पण पश्चिमेकडील मंडळ्यांतही पुढे गाणे हळूहळू वेदीजवळच्या गायकांकडे आणि सामान्य लोकांना न कळणाऱ्या लॅटिन भाषेकडे गेले. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या काळात, १५२४ साली, अवघ्या आठ गीतांचे जर्मन पुस्तक निघाले आणि ते गाणे पुन्हा बाजारहाट करणाऱ्या लोकांच्या तोंडी आले. जिनिव्हात कॅल्विन या दुसऱ्या धर्मसुधारकाने स्तोत्रसंहिता छंदोबद्ध करवून घेतली. ते काम १५६२ साली पूर्ण झाले, आणि त्याच्या उपासनेत सगळ्यांनी एका सुरात, वाद्यांशिवाय गायचे असे. इतके कडक मला स्वतःला रुचत नाही, कारण दीडशेव्या स्तोत्रात डफ, झांजा, पावा आणि तंतुवाद्ये असताना आपण पेटीला दाराबाहेर का ठेवावे? पण त्यामागचा हेतू मला समजतो.

आपल्या मराठी मंडळ्यांना ही गोष्ट कोणी फारशी शिकवावी लागली नाही, कारण भजन आधीपासूनच ओळखीचे होते. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० साली सुरू झाले आणि मेथडिस्ट मिशन त्यानंतर बरेच उशिरा आले. मिशनऱ्यांनी आपापल्या देशांतल्या चाली आणल्या आणि त्या चालींवर मराठी शब्द बसवून लोक गाऊ लागले. परंतु कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या माणसाने कीर्तन व देशी चाली हाती घेतल्या, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन यांच्या वाटेने ख्रिस्ताची स्तुती केली, तेव्हा गाणे खऱ्या अर्थाने घरचे झाले. त्याही आधी, खानापूरच्या घाटापलीकडे गोव्यात, इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स याने १६१६ साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले होते आणि ते तिथल्या ख्रिस्ती देवळांतून वाचले-गायले जात असे. एकाने म्हणावे आणि बाकीच्यांनी तेच उचलावे, ही भजनाची रीत १३६ व्या स्तोत्राच्या रीतीशी किती जवळची आहे ते पाहा. म्हणून तुला जुनी गीते घे असे सांगताना मी ती जुनी आहेत म्हणून सांगत नाही. ती उचलायला सोपी आहेत आणि त्यांत कडव्याकडव्याने अर्थ पुढे सरकतो, म्हणून सांगते.

अर्थाचे हे जरा सविस्तर लिहिते. स्तोत्रांतील स्तुतीला नेहमी काही तरी कारण असते. ११७ वे स्तोत्र सर्वांत लहान, दोनच ओव्यांचे. पण त्यातसुद्धा सर्व राष्ट्रांना स्तुतीसाठी हाक घातल्यावर लगेच कारण दिले आहे, की त्याची आपल्यावरील दया मोठी आहे आणि त्याची सत्यता टिकणारी आहे. निर्गमाच्या पंधराव्या अध्यायात मिर्याम डफ घेऊन निघते तेव्हा समुद्रापाशी काय घडले ते सांगतच गाते. तू पाठवलेल्या यादीतील काही नव्या गीतांत मी तुझी स्तुती करतो, मी तुला उंच करतो, मी तुझ्यासाठी गातो, एवढेच पुन्हा पुन्हा येते; देवाने काय केले, याचा पत्ताच लागत नाही. नवे म्हणून माझा आक्षेप नाही, नवे गीत गा असे स्तोत्रकर्ताच सांगतो. प्रत्येक गीताला एकच प्रश्न विचारत जा, की हे गाऊन झाल्यावर मागच्या बाकावरच्या माणसाला देवाविषयी काय सांगता येईल. उत्तर मिळाले नाही तर ते गीत तालमीपुरते ठेव.

आणि सगळीच गीते आनंदाची नकोत. दीडशे स्तोत्रांपैकी फार मोठा भाग विलापाचा आहे. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, आणि तरीही ते उपासनेच्या पुस्तकात ठेवले गेले. रविवारी तुमच्या मंडळीत येणाऱ्या प्रत्येकाचा आठवडा चांगला गेलेला नसतो. नोकरी सुटलेला, इस्पितळातून थेट आलेला, घरात बोलणे बंद असलेला माणूस टाळ्यांच्या गीतात तोंड उघडू शकत नाही, आणि मग तो गात नाही म्हणून तू आवाज वाढवतोस. पौल व सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते तेव्हा त्यांच्या पाठीवर फटके होते आणि पाय खोड्यात होते. प्रभूनेही शेवटच्या भोजनानंतर शिष्यांबरोबर गीत म्हटले आणि मग तो जैतुनांच्या डोंगराकडे निघाला, असे मत्तय सांगतो. वल्हांडणाच्या त्या भोजनाला जोडून ११३ ते ११८ ही स्तोत्रे म्हणण्याची यहुदी रीत आहे. दुःख झाकून गाणे आणि दुःखासकट गाणे, यांत फरक आहे.

आता थोडे व्यवहाराचे. तुझी पट्टी उंच आहे, म्हणून तुला सोपे जाते ते पन्नाशीच्या पुरुषाला झेपत नाही; तो एक तर ओरडतो नाही तर गप्प होतो. सामान्य माणसाचा आवाज एका सप्तकाच्या थोडा मागेपुढे चालतो, तेव्हा गीतातील सर्वांत उंच स्वर कोणता ते आधी पाहा आणि त्यावरून पट्टी ठरव. तुमच्या कीबोर्डवर तर बटण दाबले की पट्टी बदलते. माझ्या पेटीवर मला बोटे बदलावी लागतात. दोन कडव्यांमध्ये लोकांना श्वास घ्यायला जागा ठेव. शेवटच्या ओळीवर हरकती घेऊ नकोस, कारण तिथे तुझ्यामागून कोणालाच येता येत नाही. ढोलकी किंवा ड्रम जो काही असेल त्याने ठेका धरावा, पण शब्द बुडवू नयेत. आपण मेथडिस्ट घरातले. आपल्या पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७६१ साली गाण्याविषयी ज्या सूचना छापल्या त्यांत सर्वांनी गावे, जोमाने गावे, पण इतरांहून आपलाच आवाज वर ऐकू येईल असे ओरडू नये, आणि प्रत्येक शब्दाला देवाकडे नजर ठेवावी, असे सांगितले आहे. ध्वनिक्षेपकाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीची ही सूचना आहे! पंगतीत वाढणारा जसा सर्वांच्या पानात पडल्याशिवाय स्वतः बसत नाही, तसे तू गा. मधूनमधून एक कडवे वाद्यांशिवाय घे आणि स्वतः माइकपासून दूर हो. मंडळी खरोखर गाते की नाही हे तुला त्या कडव्यातच कळेल.

पडद्यावर शब्द दाखवता ते ठीक आहे, पण पडद्यावर बहुधा दोनच कडवी येतात आणि उरलेली हळूहळू कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. दफनविधीला पडदा नसतो. तिथे जे पाठ असेल तेच गायले जाते, आणि ते चार कडव्यांचे असले तर कुटुंबाला बरे वाटते, हे मी या गावात अनेकदा पाहिले आहे.

भाषेविषयी तू लिहिले आहेस की तुमच्याकडे इंग्रजीबरोबर कन्नड आणि तमिळ बोलणारेही आहेत. आपल्या बेळगावकरांना याची सवय आहे. एका लग्नात मुलाकडचे मराठी आणि मुलीकडचे कन्नड, आणि कॅम्पातून आलेले पाहुणे इंग्रजी किंवा कोकणी बोलणारे, असे अनेकदा होते. मिशनऱ्यांनी आणलेल्या चालींचा इथे उपयोग होतो: चाल एकच आणि शब्द दोन्ही भाषांत उपलब्ध, म्हणून अर्धे लोक मराठीत आणि अर्धे कन्नडमध्ये एकाच वेळी गातात आणि कोणाचे काही अडत नाही. पौल करिंथकरांस लिहितो की मी आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही गाईन. ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत त्याला गाऊ दे. सीमेचे वाद चौकात भरपूर चालतात, ते गीतांच्या यादीत आणू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात बाविसाव्या स्तोत्रातील एक ओळ थेट ख्रिस्ताच्या तोंडी घातली आहे: मंडळीच्या मध्ये मी तुझी स्तुती गाईन. ज्या स्तोत्राची पहिली ओळ त्याने वधस्तंभावर उच्चारली, त्याच स्तोत्रातील ही पुढली ओळ आहे. म्हणजे मंडळीत गाणे चालवणारा आधीच उभा आहे. तू आणि मी त्याच्यामागे ओळ उचलणाऱ्यांपैकी आहोत. हे मनात असले की आपला सूर किती लागला आणि लोकांनी कौतुक केले की नाही, याची धास्ती उरत नाही. याउलट आमोसाच्या पाचव्या अध्यायातील देवाचा संताप वाचून ठेव, जिथे तो आपल्या लोकांच्या गाण्यांना गोंगाट म्हणून दूर करायला सांगतो, कारण त्यांच्या बाजारात आणि वेशीत न्याय उरला नव्हता. तालमीनंतर तुमच्यापैकी कोणी चर्चच्या शिपायाशी उर्मटपणे बोलत असेल तर ते आधी मिटवा.

उत्तम शुक्रवारच्या उपासनेसाठी बाविसावे स्तोत्र पूर्ण वाचून घ्यावे आणि मध्ये तीन ठिकाणी थांबून मंडळीने एकेक कडवे गावे, असे मला वाटते. कोणती कडवी ते कळव, म्हणजे मी पेटीवर पट्टी पाहून लिहीन. बाबांनी त्यांचे जुने गीतांचे पुस्तक तुझ्यासाठी बांधून ठेवले आहे. नाताळात आलास की घेऊन जा, पाने सुटी झाली आहेत म्हणून पार्सलने पाठवत नाही.

तुझी,
आई