चढण अडली तर नदीत मासा उरणार नाही

पाटण, जि. सातारा
मृगाच्या आदल्या आठवड्यात

प्रिय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, की पाण्यावरच्या या वीजप्रकल्पात कोळसा जळणार नाही, धूर नाही, राख नाही, मग तुम्हा गळवाल्यांच्या पोटात का दुखतंय? प्रश्न रास्त आहे आणि फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या नदीवर, धारेच्या वरच्या अंगाला, एका खासगी कंपनीची माणसं मोजणी करून गेली. दगडांवर चुन्याच्या खुणा आहेत. बेत असा, की तिथं बंधारा घालायचा, पाणी पाइपातून डोंगराच्या कडेनं खाली न्यायचं, टर्बाइन फिरवायचं आणि पुन्हा नदीत सोडायचं. पाणी खर्च होत नाही, जेवढं घेतलं तेवढं परत देतो, असं ते लोक सांगतात. ते खोटं नाही. पण बंधाऱ्यापासून वीजघरापर्यंतच्या नदीचं काय? सगळे डोह, सगळे खळाळ तेवढ्याच पट्ट्यात आहेत. पाइपाला उतार हवा म्हणून त्यांना तीच जागा लागते, आणि खडकावर आपटून पाण्यात हवा मिसळते म्हणून माशालाही तीच लागते.

चढणीचे मासे तू लहानपणापासून बघत आलायस. पहिला लोंढा खाली गेला, की कृष्णा-कोयनेतला मासा गढूळ पाण्याचा वास घेत ओढ्यांकडे वळतो. महाशीर तर त्यासाठीच जन्मल्यासारखा. त्याला स्वच्छ वाहतं पाणी आणि तळाशी गोटे-वाळू लागते. तिथं तो अंडी टाकतो, ती तीन-चार दिवसांत फुटतात, आणि पिल्लं दगडांच्या आडोशाला वाढतात. सगळं काम पावसाच्या त्या थोड्या आठवड्यांत उरकायचं असतं. नवजा-महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी दिवाळीनंतर आपली नदी सुतासारखी होते. म्हणजे कंपनीची वीज होणार तीही त्याच पावसाळ्यात. ज्या दिवसांत माशाला पाणी हवं, त्याच दिवसांत ते पाइपात असणार.

तू म्हणशील, नदीवर बंधारे काय नवीन आहेत? कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेतच की. आहेत, पण त्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाळ्याआधी काढतात. नदी मोकळी होते, मासा वर जातो, आणि पाऊस सरल्यावर बर्गे पुन्हा बसतात. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांच्या डोक्यात मासा नसेलही, पण त्याची वाट राहिली. विजेच्या बंधाऱ्याला पावसाळ्यातच पाणी अडवून उंची राखायची असते. तो ऐन चढणीला बंद असणार. आप्पा, माझा सगळा विरोध या एका गोष्टीवर उभा आहे.

कंपनीच्या माणसानं चावडीवर सांगितलं, दरवर्षी मत्स्यबीज सोडू. लोकांना ते पटलंही. महाशीरच्या बीजाचं काम लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून चालू आहे आणि ते मोलाचं आहे. पण दख्खनी महाशीरचं तेच बीज कावेरीत सोडलं गेलं आणि तिथला मूळचा कुबड्या महाशीर मागे हटत गेला. 2018 मध्ये त्याची टॉर रेमादेवी ही शास्त्रीय ओळख पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. शिवाय टाकीत वाढलेलं बोटभर पिल्लू मोठं झाल्यावर अंडी घालायला जाणार कुठं? बंधारा तर तिथंच असेल. चढण बंद करून बीज सोडणं म्हणजे वाफा कोरडा ठेवून दरसाल नवी रोपं लावणं.

कायद्याची बाजू ऐकलीस तर तुलाही राग येईल. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत 25 मेगावॅटच्या खालच्या जलविद्युत प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीची अटच नाही. म्हणजे परिणामांचा अभ्यास नाही आणि जनसुनावणीही नाही. छोटा प्रकल्प म्हणजे छोटं नुकसान असं धरून चाललेत. पण छोट्या नदीला छोटा बंधाराही पुरून उरतो. हरित लवादानं 2017 मध्ये सांगितलं, की कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या 15 ते 20 टक्के पाणी नदीत राहिलंच पाहिजे. उन्हाळ्यात जी नदी सुतासारखी असते, तिच्या 20 टक्क्यांत खळाळावर पायाचा घोटा बुडेल एवढंही पाणी राहत नाही. आणि लोंढ्याची चाहूल लागल्याशिवाय मासा हलतच नाही.

कोयनेचं तुला मी काय सांगावं! कृष्णा पाणीतंटा लवादानं 67.5 टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायची मुभा दिली. पोफळीकडे वीज करून ते वाशिष्ठीतून समुद्राला जातं, कोयनेत परत येत नाही. इकडं पायथा वीजगृहाची दोन्ही युनिटं चालली की 2100 क्युसेक उतरतं, बंद झाली की पात्र ओसरतं. सांगलीकडच्या रानाला पाणी हवंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाणी असं बटणावर चढू-उतरू लागलं, की काठाच्या उथळ गोट्यांतली अंडी उघडी पडतात. आता तारळीच्या खोऱ्यात 1500 मेगावॅटचा खासगी उदंचन प्रकल्प येऊ घातलाय. खाली-वर दोन तलाव, स्वस्त विजेवर पाणी चढवायचं आणि संध्याकाळी सोडायचं. सूर्याची वीज साठवायला असं काही लागणार, हे मला मान्य आहे. तलाव पहिल्यांदा कुठल्या नदीच्या कुठल्या महिन्यातल्या पाण्यानं भरणार, एवढं मात्र त्यांनी आधी सांगावं. कोयनेच्या धरणग्रस्तांची दुसरी-तिसरी पिढी अजून पुनर्वसनासाठी हेलपाटे घालतेय. आधी काम, मग उत्तर, याची किंमत आपल्या तालुक्याला चांगली ठाऊक आहे.

मी विजेच्या विरोधात नाही. नदी जिथं आधीच अडलीय तिथं, धरणांच्या पायथ्याशी आणि कालव्यांच्या उतारावर, हवी तेवढी टर्बाइनं बसवा. अजून मोकळ्या असलेल्या नद्या तेवढ्या सोडा.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. प्रकल्प अहवालासाठी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. तो हाती आला की प्रवाहाचे आकडे तू तपास. त्यांनी नदी कुठल्या महिन्यात मोजली आणि किती वर्षांची सरासरी धरली, हे जलसंपदात आयुष्य काढलेल्या माणसाला पानं चाळतानाच कळेल. पहिली चढण कधी आली, पाणी कुठल्या दगडापर्यंत होतं, हे माझ्या वहीत वर्षावर्षाचं टिपलेलं आहे, ते जोडीला घे. दुसरं, पुढच्या रविवारी ग्रामसभा आहे. माझ्या बोलण्याला "मासे मारायची हौस" म्हणून बाजूला सारतात, तुझ्या बोलण्याला सारणार नाहीत. शनिवारीच मुक्कामाला ये, म्हणजे सकाळी धारेपर्यंत जाऊन चुन्याच्या खुणा तुला दाखवता येतील. येताना लेव्हल मशिन मिळालं तर घेऊन ये.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बापू