उरलेल्या अन्नाचं तेवढं ऐकाच

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

घरातलं अन्न कसं साठवायचं हा विषय फोनवर काढला की आई, तू "आम्ही काय आज संसार करतोय का" म्हणतेस आणि बोलणं तिथेच थांबतं. म्हणून लिहून कळवते आहे. बाकीचं पटलं तर करा, पण उरलेल्या अन्नाचं तेवढं माझं ऐकाच.

आई, तू झाकण उघडतेस, वास घेतेस आणि चांगलं आहे म्हणून गरम करायला ठेवतेस. वासावर जाऊ नकोस गं. अन्न नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बहुतेक वेळा वेगळेच. हे दुसरे वास, चव, रंग काहीच बिघडवत नाहीत. त्यात वय वाढलं की नाकही मंदावतं. भाताचंच घे. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात बराच वेळ ओट्यावर राहिला की त्यांतून जंतू वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा कितीही गरम केलं तरी जात नाही. त्यामुळे शिजवलेलं २ तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ दे. मोठ्या पातेल्यातच ठेवू नकोस, पसरट डब्यांत काढ, म्हणजे लवकर निवेल. ३ दिवसांत संपव, आणि गरम करशील ते ताटात घेणार तेवढंच, आतपर्यंत वाफाळेल असं.

बाबा, फ्रिज तुमच्याकडे. आतलं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवं, फ्रीझरचं उणे १८. बटणावरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत, तो थंडावा कमीजास्त करायचा नुसता क्रम असतो. दार सारखं उघडतं म्हणून दाराचे कप्पे सगळ्यांत उबदार, तिथे दूध नको, ते आत मागच्या बाजूला ठेवा. आणि कृपा करून ठासून भरू नका, हवा खेळायला जागा लागते. फ्रिजमध्ये ठेवलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. लिस्टेरिया नावाचा जंतू त्या गारव्यातही हळूहळू वाढतो आणि पासष्टीपुढच्या माणसांना तो फार त्रास देतो. मला काळजी वाटते ती याचीच.

पालेभाजी आणल्या आणल्या धुऊ नका. जुडी सोडायची, पिवळी, चेंगरलेली पानं काढून टाकायची (एक सडकं पान शेजारच्या चारांना घेऊन जातं) आणि कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून ठेवायची. कापड दमट झालं की बदलायचं. सफरचंदं आणि पिकलेली केळी तिच्याजवळ नकोत, त्यांच्यातून इथिलीन वायू निघतो आणि पानं लवकर पिवळी पडतात. बटाटे अंधारात, हवेशीर जागी, कांद्यांपासून लांब. शेंगदाण्यांना बुरशी दिसली तर निवडत बसू नका, सगळे टाका. त्या बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही.

टाका म्हटलं की तुमचा जीव तुटतो, ठाऊक आहे. अन्न वाया घालवू नये हे मी तुमच्याकडूनच शिकले, आणि मला ते आजही पटतं. पण ते जपायचं खरेदी करताना. चार माणसांचं सामान भरायची सवय अजून तशीच आहे, आणि खाणारी तोंडं आता दोन. स्वस्त मिळतंय म्हणून मोठी पिशवी घेऊ नका, बाबा. अर्धी जुडी मागितली तर भाजीवाल्याला राग येत नाही. निघण्याआधी एकदा फ्रिज उघडून बघा, आहे ते लिहून घ्या. नवं आणलं की मागे सारा, जुनं पुढे ओढा. डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख टाका, म्हणजे "हे कधीचं गं?" असं एकमेकांना विचारत बसावं लागणार नाही.

छोटा थर्मामीटर पाठवला आहे. पाण्याच्या पेल्यात बुडवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी बाहेर न काढता आकडा वाचून मला फोन करा. ४च्या वर असेल तर बटण कुठल्या बाजूला फिरवायचं ते मी तेव्हाच सांगते.

तुमची,
लेक