ख्रिस्तात एक, मग सोयरिकीत वेगळे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ईस्टरनिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. क्षमा, सेवा, शेजाऱ्यावर प्रेम ही येशूची शिकवण लेखकाने आपुलकीने मांडली आहे, त्याबद्दल मनापासून आभार. पण लेख संपल्यावर वाचकाची समजूत अशी होते, की ख्रिस्ती असणे म्हणजे एका थोर गुरूच्या उपदेशाप्रमाणे वागणे. तेवढेच असते तर डोंगरावरचे प्रवचन पुरे होते, ईस्टरची गरज नव्हती. नव्या कराराचे म्हणणे याहून फार मोठे आहे. ते आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतही (चर्चमध्येही) हल्ली क्वचितच ऐकू येते, म्हणून हे पत्र.

नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रे उघडली की 'ख्रिस्ताच्या ठायी' हे शब्द पानोपानी भेटतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो सांगतो, की बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताबरोबर मरतो, त्याच्याबरोबर पुरला जातो आणि नव्या जीवनात चालू लागतो. यरुशलेमेबाहेर त्या शुक्रवारी आणि रविवारी जे घडले, म्हणजे येशूचे मरण आणि पुन्हा उठणे, त्यात विश्वास ठेवणाराही सामील झाला, असे पौलाचे म्हणणे आहे. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्विन तर स्पष्टच म्हणतो, की ख्रिस्त आपल्याबाहेर आहे तोवर त्याने सोसलेले काहीही आपल्या उपयोगाचे नाही.

मराठी वाचकाला इथे अद्वैत आठवेल. साहजिक आहे, पण हे तसे नाही. 'ह्यापुढे मी जगतो असे नाही, तर ख्रिस्त माझ्या ठायी जगतो' असे गलतीकरांस लिहिणारा पौल लगेच पुढे म्हणतो, की त्याने माझ्यावर प्रीती केली आणि स्वतःला माझ्याकरता दिले. प्रेम करणारा आणि ज्याच्यावर प्रेम केले तो, दोघेही शिल्लक राहतात. भक्तीची ही भाषा आपल्याला परकी नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे रेव्ह. नारायण वामन टिळक सांगत, ते उगाच नाही.

योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि शिष्यांना फाटे. निफाड तालुक्यात राहणाऱ्याला हा अध्याय फार समजावून सांगावा लागत नाही. ऑक्टोबर छाटणीच्या दिवशी बांधावर टाकलेली काडी संध्याकाळी उचलून पाहा. साल नखाने खरवडली तर आत हिरवीगार असते. वेलीवरच्या काडीत आणि तिच्यात काही फरक आहे, असे वाटतही नाही. पंधरा दिवसांनी वेलीवरची काडी फुटलेली असते आणि बांधावरची चुलीत गेलेली असते. शब्बाथ शाळेत मुलांपुढे हा अध्याय वाचताना मला दरवेळी वाटते, की दर रविवारी न चुकता येणारे, दशांश देणारे आम्ही यातल्या कोणत्या काडीत मोडतो?

कारण हे जोडले जाणे माझे आणि प्रभूचे खाजगी प्रकरण नव्हे, आणि मला खरे सांगायचे आहे ते हेच. शौल हे पौलाचेच आधीचे नाव. दमास्कसच्या वाटेवर या शौलाला येशूचा आवाज आला, 'शौला, शौला, माझा छळ का करतोस?' शौलाने येशूला बोटही लावले नव्हते. तो त्याच्या लोकांना धरून तुरुंगात टाकत होता. तरी प्रभू 'माझा' म्हणतो. पुढे करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी एकत्र भाकर घेण्याच्या विधीला, काही जण पोटभर जेवून पिऊन बसत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा याच पौलाने बजावले, की तुम्ही करता ते प्रभुभोजन नव्हेच. मस्तकाशी, म्हणजे ख्रिस्ताशी, जोडलेला आणि बाकीच्या अवयवांपासून तुटलेला असा माणूस त्याच्या हिशेबात बसत नाही.

आता आमचे पाहा. उपासनेनंतर वधू-वर मेळावा असतो. चहाचा कप हातात घेऊन मुलाकडचे विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" मुलीचे वडील गावाचे नाव सांगतात. पुन्हा प्रश्न येतो, "हो, पण त्याच्या आधीचे?" गावाची चौकशी नाही, हे दोघांनाही कळते. बापाचा चेहरा उतरतो आणि बोलणे तिथेच थांबते. हीच माणसे तासाभरापूर्वी एकाच ताटातली भाकर घेऊन उठलेली असतात. गोव्यातल्या कित्येक गावांत फेस्ताचे (चर्चच्या उत्सवाचे) मान पिढ्यान् पिढ्या जातीप्रमाणे वाटलेले होते. आमच्याकडे जात सोयरिकीत दबा धरून बसली आहे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतले गेले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. धर्म बदलला तरी जात सुटत नाही, असे आमचे लोक न्यायालयात सांगतात. ते खरे आहे आणि ती मागणी न्याय्य आहे. पण मंडळीच्या आतही ती सुटत नाही, याला सरकार जबाबदार नाही, आम्ही आहोत.

ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या काळात नवऱ्याकडे राहायला आल्यावरही त्या सोवळे पाळत होत्या. जात माणसाने केलेली आहे, असे मनाशी ठरले तेव्हा ते सोवळे त्यांनी टाकले, तेही बाप्तिस्म्याच्या आधी. आमच्यापैकी कित्येकांच्या घरात बाप्तिस्मा तीन-चार पिढ्यांचा आहे आणि जात अजून जागेवर आहे.

पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले पत्र जेमतेम पानभर आहे. अनेसिम हा फिलेमोनाचा गुलाम, पौलाच्या सहवासात विश्वासी झालेला. त्याला परत पाठवताना पौल लिहितो, की तो आता दास नव्हे, प्रिय बंधू आहे. जसा माझा स्वीकार करशील तसा त्याचा कर, आणि त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड. ख्रिस्ताने आपल्यासाठी जे केले तेच पौल एका गुलामासाठी करतो. ख्रिस्ताशी एक होणे म्हणजे काय, हे मला या पत्राइतके कुठल्याही प्रवचनाने समजावले नाही.

म्हणून पाळकांना माझी विनंती आहे, की प्रभुभोजनाच्या रविवारी फिलेमोनाला लिहिलेले हे पत्र मंडळीपुढे पूर्ण वाचावे. विवाह नोंदणीच्या अर्जात 'मूळ जात' विचारणारा रकाना जिथे जिथे असेल, तिथे मंडळीच्या कमिट्यांनी तो ठराव करून काढून टाकावा. आणि संपादक महोदय, पुढच्या ईस्टरच्या पुरवणीत आमच्या खेड्यांतल्या मंडळ्यांतल्या एखाद्या दलित ख्रिस्ती बाईला लिहायला सांगावे, ही आपल्यालाही विनंती.

आपली नम्र,
एक ख्रिस्ती वाचक
निफाड, जि. नाशिक