काय वाचावं हे नको, काय वाचताय ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल उजाडला की आपल्यासह बहुतेक सगळ्या वर्तमानपत्रांत सुट्टीत वाचायच्या पुस्तकांच्या याद्या येऊ लागतात. लेखक, नट, अधिकारी आपापली आवडती पुस्तकं सांगतात. मी सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. या याद्या मी दरवर्षी कापून ठेवते आणि त्यांचा मला उपयोगही होतो. ‘श्यामची आई’, ‘ययाति’, ‘मृत्युंजय’, ‘व्यक्ती आणि वल्ली’ ही नावं त्यांत हमखास असतात, असायलाच हवीत. पण या याद्या वाचून पुस्तक मागायला आलेला सभासद मला क्वचितच भेटतो. म्हणून एक विनंती आहे. यंदा मान्यवरांच्या जोडीला साध्या वाचकांनाही विचारा, की सध्या तुमच्या हातात कोणतं पुस्तक आहे?

हे सुचायला कारण आमचं देवघेवीचं टेबल. सकाळी परत आलेली पुस्तकं नोंद झाली की टेबलाच्या कडेला रचून ठेवतो आणि वेळ मिळेल तशी कपाटात लावतो. कपाटं मोकळी आहेत, कुणीही आत जाऊन पुस्तक निवडावं. तरी येणारा माणूस आधी त्या ढिगाकडे वळतो. वरची दोन-तीन पुस्तकं उचलतो, मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर बोट फिरवतो आणि विचारतो, “ह्या कोणी वाचल्यान?” मुखपृष्ठ किंवा मलपृष्ठावरचा मजकूर नंतर. आधी त्याला ते कुणीतरी वाचलंय याची खात्री हवी असते. कित्येक पुस्तकं अशी ढिगातूनच पुन्हा बाहेर जातात, कपाटापर्यंत पोचतच नाहीत. उलट नवीन आणलेली, छान कव्हर घातलेली पुस्तकं महिनोन्महिने जागची हलत नाहीत, कारण त्यांच्या चिठ्ठीवर एकही तारीख नसते.

मे महिन्यात या ढिगाला खरी बरकत येते. मुंबई-पुण्याचे चाकरमानी गावी आलेले असतात. अनामत ठेवून महिन्यापुरते सभासद होतात. आल्या आल्या त्यांना गावाकडचं काहीतरी हवं असतं. आरवलीच्या जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ कायम बाहेर असतं. बागलांच्या राईत जन्मलेल्या खानोलकरांच्या ‘कोंडुरा’ची विचारणा होते. मुलं आधी कंटाळलेल्या चेहऱ्याने आजोबांच्या मागे उभी असतात. मग त्यांतल्या एखाद्याला भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा एक भाग सापडतो आणि दुसऱ्या दिवशी तिघं येतात. फुरसुंगीच्या या काडीपैलवानाची ओळख मी आजवर कुणाला करून दिलेली नाही. ते काम मुलंच करतात, विहिरीच्या कठड्यावर नाहीतर फणसाखाली बसून.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. टपाल खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक सभासद ‘माझा प्रवास’ परत करायला आले होते. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळेल या आशेने चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले, १८५७ च्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा आतून पाहिला आणि अखेर आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परतले. ही हकीकत त्यांनी पुढे लिहून काढली आणि ती १९०७ मध्ये छापली गेली. आमचे हे गृहस्थ टेबलापाशी उभे राहून भर दुपारी त्या पायी प्रवासाबद्दल बोलत होते. आयुष्यभर टपालाची पिशवी घेऊन पायी हिंडलेला माणूस तो. लढाईपेक्षा त्यांच्या मनात राहिलं होतं ते रोजचं चालणं, मुक्काम, आज जेवायला मिळेल की नाही ही काळजी. रांगेत मागे एक बाई होत्या. अंगणवाडीत काम करतात, फार बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “भाऊ, मग ‘स्मृतिचित्रे’ वाचा. लक्ष्मीबाई टिळकांच्या आजोबांना त्याच धामधुमीत फाशी दिलं होतं. सुरुवातीलाच आहे बघा.”

मी ही दोन्ही पुस्तकं वर्षानुवर्षं हाताळते आहे. एक प्रवासवर्णनात लावलेलं, दुसरं आत्मचरित्रात. ती एकमेकांशेजारी ठेवावीत असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दोघांच्या बोलण्यातून त्या दिवशी ती शेजारी आली. भाऊंनी ‘स्मृतिचित्रे’ नेलं, बाईंनी ‘माझा प्रवास’. त्यानंतर जूनपर्यंत ती दोन पुस्तकं जोडीने फिरली.

असं बोलणं आमच्या टेबलाशी होतं ते पाच-दहा माणसांत. आपल्या वर्तमानपत्रात ते हजारोंपर्यंत जाईल, एवढंच माझं म्हणणं आहे.

शिवाय वाचक जे सांगतो ते समीक्षक सांगू शकत नाही, कारण वाचकाच्या मागे त्याचं काम असतं, गाव असतं. आमच्याकडे वानर-माकडांनी बागायतदारांना जेरीस आणलंय. नारळ काढण्याआधी तेच पाडतात, आंब्याचं नुकसान वेगळं. असे एक बागायतदार व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ घेऊन गेले. वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या झगड्यावरची ही छोटी कादंबरी १९८२ सालची. परत करताना म्हणाले, राग काही गेला नाही, पण आता टोळी आली की आधी तिच्यातला नर कुठे बसलाय ते बघतो. महामार्गाच्या कामावर असलेल्या एका तरुण इंजिनिअरने प्रभाकर पेंढारकरांचं ‘रारंग ढांग’ दोनदा नेलं. हिमालयात सैन्यासाठी रस्ता बांधणाऱ्या इंजिनिअरची ती गोष्ट. सिमेंट, कातळ, मजूर आणि वरिष्ठांचे हुकूम यांच्यात रोज उभा असलेला हा मुलगा त्या पुस्तकावर चार ओळी लिहील, तर त्या मला वाचायच्या आहेत. उद्या गोंदियाचा कुणी वाचक मारुती चितमपल्लींच्या जंगलावरच्या पुस्तकांबद्दल लिहील तेव्हा नवेगाव बांधचा तलाव त्याच्या पायाखालचा असेल. आम्ही तो फक्त पुस्तकात पाहिलाय.

वाचकांचं हे सदर कसं असावं, याबद्दलही थोडं लिहिते. लांब परीक्षणं नकोत. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक आणि ते कुठून मिळालं, वाचनालयातून, विकत की शेजाऱ्याकडून, एवढं जरूर असावं. आमच्यासारख्यांना त्याचा थेट उपयोग होतो. मग त्यातली एकच जागा सांगावी, जिथे वाचक थांबला. अर्ध्यात सोडलेलं पुस्तकही चालेल, का सोडलं ते सांगावं. पाचव्यांदा वाचत असलेलंही चालेल. कानांनी ऐकलेलं किंवा मोबाइलवर वाचलेलं असेल तर तेही वाचनच आहे, त्याला बाहेर ठेवू नये.

आणि बायकांना आवर्जून विचारा. मे महिना म्हणजे सुट्टी हे पुरुषांचं आणि मुलांचं. इकडे त्याच महिन्यात आमसुलं, आंबापोळी, कुळथाचं पीठ, पावसाळ्याची बेगमी, वर घरभर पाहुणे. आमच्या सभासद बायका या दिवसांत मुद्दाम कथासंग्रह नाहीतर ललित लेख मागतात, एका बैठकीत एखादा तरी पुरा व्हावा म्हणून. एकीने मला सांगितलं, की वाळवणाची राखण करायला गच्चीच्या सावलीत बसायचं असतं तेवढाच तिचा वाचनाचा वेळ, आणि ती राखण ती आता कुणाला देत नाही. उन्हाळ्यातलं वाचन म्हणजे काय ते अशा वाचकाला नक्की माहीत आहे. तिला कुणी विचारलेलं नाही.

वाचनालयांच्या बाजूनेही या सदराची गरज आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं राज्यभर, अगदी खेड्यापाड्यांतही आहेत. आमचं ‘क’ वर्गातलं. अनुदान आणि वर्गणी मिळून जे जमतं त्यात वीजबिल, वर्तमानपत्रं, पगार भागवून पुस्तकांना जे उरतं ते फार जपून खर्च करावं लागतं. पुस्तकं कोणती घ्यायची हे ठरवताना हाताशी असतात प्रकाशकांच्या याद्या आणि सवलतीचे आकडे. वाचकांसाठी ठेवलेली मागणीची वही बहुतेक कोरी राहते, कारण जे पुस्तक आहे हेच माहीत नाही ते मागणार कसं? जळगावच्या, नांदेडच्या, बेळगावच्या वाचकांनी काय वाचलं हे छापून आलं, तर आमची ती वही भरेल.

हे काही अगदीच नवं सांगते आहे असं नाही. पाचगणीजवळचं भिलार ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं. तिथे घरांच्या ओसरीत पुस्तकं ठेवली आहेत आणि उन्हाळ्यात महाबळेश्वरला निघालेली माणसं तिथे थांबून वाचतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’तल्या पेट्या एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जातात, परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचल्या आहेत. दोन्हीकडे पुस्तक माणसाच्या हातून माणसाकडे जातं. वर्तमानपत्राला तर पेटीही लागत नाही, आठवड्यातून एक चौकट पुरे. एप्रिलच्या पहिल्या रविवारपासून मृगाचा पाऊस लागेपर्यंत, म्हणजे शाळा उघडेपर्यंत ती चालवावी. पत्रं टपालाने आलेलीही घ्यावीत. आमचे बरेच जुने वाचक अजून पोस्टकार्डावरच लिहितात.

सदर सुरू झालं तर त्याचं कात्रण दर सोमवारी देवघेवीच्या टेबलाशेजारी लावायची जबाबदारी माझी. त्यातली जी पुस्तकं आमच्याकडे आहेत ती त्याच टेबलावर काढून ठेवीन, दाखल क्रमांकासकट.

मागायचं आणि आपलं सांगायचं नाही, हे बरं नव्हे. मी सध्या ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचते आहे, त्या अंगणवाडीच्या बाईंमुळे. या वेळी थांबले ती लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्यापाशी. कॉलेजात असताना ते प्रसंग वाचून मी खूप हसले होते. आता त्यामागे फाशी गेलेला सासरा आणि त्याचा धसका घेतलेला जावई, म्हणजे लक्ष्मीबाईंचे वडील, दिसतात, त्या सोवळ्याखाली भरडलेली घरातली माणसं दिसतात. तरीही लक्ष्मीबाई हे सगळं कुठेही कडवट न होता सांगतात, हे मला पहिल्या वाचनात कळलंच नव्हतं. ही माझी स्वतःची प्रत आहे. वाचनालयाची प्रत बाहेर गेली आहे आणि तिच्यासाठी दोघांनी नाव नोंदवलं आहे.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल, जि. सिंधुदुर्ग